तिसऱ्या मजल्याशी युती

आमच्या यशवंतपूरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे एक गृहस्थ सरकारी कारखान्यातले निवृत्त तपासनीस. दुधाची पिशवीसुद्धा उजेडात धरून, उलटीपालटी करून मगच घेतात. पेपरही तसाच वाचतात आणि कानडी ढंगात "स्वल्प थांबा" म्हणत मला जिन्यात गाठतात.

"ज्या सरकारवर अतिरेकी पोसल्याचा संशय, त्याच्याच बंदरातून रसद नेऊन अतिरेक्यांशी लढायचं! अमेरिकेनं अफगाणिस्तानात हेच केलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

वर्षभर त्यांच्या स्कूटरची हवा कोणीतरी सोडत होतं. त्यांचा संशय तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांवर. पण गेल्या महिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरीला हटवायचं ठरलं, आणि हे त्याच अण्णांच्या खांद्यावर हात टाकून घरोघरी मतं मागत फिरू लागले.

एकटे भेटले तेव्हा मी विचारलंच, "अहो, हवा सोडणारे अण्णाच ना?"

"असतील," ते शांतपणे म्हणाले. "आधी सेक्रेटरी जाऊ दे. तुमचं मत आम्हालाच ना?"

"अजून ठरवलं नाही."

चष्मा पुसून त्यांनी मला दुधाच्या पिशवीसारखं न्याहाळलं. "सरी, ठीक," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटरची दोन्ही चाकं बसलेली. मी अजून वाकून बघतोय, कोणाला काही बोललोही नाही, तोच हे मागे येऊन उभे. हातात हवेचा पंप.

"अण्णांचा आहे," ते प्रेमानं म्हणाले. "बघा, माणूस किती उपयोगाचा आहे!"