रिलेवरच्या स्टिकरखाली काय होतं?

मंडळी, घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून बाबांच्या सोलर पंपाचा रिले, म्हणजे बटण दाबलं की पंप चालू-बंद करणारा स्विच, आणायला आज लष्कर भागातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले.

दुकानदार म्हणाले, "दस एम्पियर, ढाई सौ व्होल्ट. आँख बंद करके ले जाओ, बेटा."

"ये तो एसी का हुआ. डीसी का?"

"अरे, करंट तो करंट है!"

वॉरंटीचा स्टिकर नेमका डीसीच्या ओळीवर होता. नखाने सोलला. डीसी: फक्त तीस व्होल्ट! आमच्या पॅनेलचे शंभराच्या वर.

घरातल्या विजेचा एसी करंट क्षणोक्षणी शून्यावर येतो, ठिणगी विझते. सोलरच्या डीसीची पेटतीच राहते, रिलेतले कॉन्टॅक्ट चिकटतात. मग बटण दाबूनही पंप चालूच. आणि बाबा बटणावर विसंबून पंप असलेल्या पाण्याच्या टाक्यात उतरतात.

दुसरा रिले मागितला. स्टिकर पुन्हा तिथेच.

रिकाम्या हाताने परतले. तुमच्या पंपाच्या रिलेवर स्टिकर कुठे आहे?