नडगीचं दुखणं
तव्यावर भाजलेल्या मिठाचा वास आला की गुलमंडीतली खानावळवाली खालाच आधी आठवते. शाळा सोडून मी फौजेच्या भरतीसाठी औरंगाबादला आलो होतो. रोज डांबरी रस्त्यावर पळून नडग्या लई ठणकायच्या. सोबतची पोरं म्हणायची, "दुखू दे लेका, हाड पक्कं होतंय!" खाला मिठाच्या पुरचुंडीनं शेकत ओरडायची, "हड्डी पक्की नै होरी बेटा, टूटरी! बैठ जा." पण भरती तोंडावर आलेली, बसणार कसा? मैदानात दुसऱ्याच फेरीला नडगी मोडली. पोरं मला ओलांडून पळाली, फौजी झाली. भेटायला एकजणही आला नाही. पाय टेकेपर्यंत खालानंच जेवू घातलं. आज परमुलखात चौकीदारी करतो, त्या पोरांवरचा राग अजून जिरलेला नाही. पण खालाला एकदा माझ्या घरी आणीन आणि गरम भाकरी माझ्या हातानं वाढीन.