बाबांकडून वाचून घेतलेलं वाक्य

ज्याची वाचा गेली आहे अशा माणसाच्या वतीने तुम्ही कधी बोललात का, आणि बोलण्याआधी त्याला विचारलंत का? मी विचारलं नव्हतं. त्यांना काय म्हणायचंय ते मला माहीत आहे, असं मी धरून चालले होते.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या उतारावर आहे. वीसेक घरं. त्यातली निम्मी वर्षभर कुलुपात, कारण माणसं मुंबईला. बाबा महाडला एका छापखान्यात कागद कापायचे. कापून उरलेल्या पट्ट्यांवर ते स्वतःची पत्रकं छापून घ्यायचे: रस्त्यासाठी, शाळेच्या मास्तरांसाठी, विहिरीसाठी. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. ती मधोमध दुमडून गठ्ठे बांधायचं आणि पोलादपूरच्या एसटी स्टँडवर बाबांच्या मागे उभं राहून वाटायचं, हे माझं लहानपण. पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द नसतो. मोठी झाले तरी मला तो शब्द वापरता येत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात बाबांना झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, आणि शब्द गेले. पाणी हवं असलं की ते ‘गुरुवार’ म्हणायचे. आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळायचं, चेहरा लाल व्हायचा, पुन्हा प्रयत्न करायचे आणि पुन्हा ‘गुरुवार’ यायचं. समजत सगळं होतं, पण ते बाहेर काढायला वाट नव्हती.

महाडला बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी औषधाचं खोकं बाबांसमोर धरलं आणि बाबांनी त्यावरचा मजकूर घडाघडा वाचून दाखवला. आई रडायलाच लागली. बाई म्हणाल्या, “वाचता येतंय. रोज मोठ्याने वाचायला द्या. पण एक लक्षात ठेवा. अक्षर समोर आलं की ते आपोआप तोंडातून येतं. वाचलं म्हणजे त्यांना तसंच म्हणायचंय असं समजू नका.”

त्यांचं पहिलं वाक्य मी लक्षात ठेवलं. दुसरं कानावरून गेलं.

मी महाडला खोली घेऊन राहते आणि तालुक्यातल्या प्रश्नांवर व्हिडिओ बनवते. पाठांतर जमत नाही म्हणून एक टेलिप्रॉम्प्टर घेतला होता, मिळाला त्यात सगळ्यात स्वस्त आणि जेवणाच्या डब्याएवढा. खाली एक मोबाइल आडवा ठेवायचा, त्यावरचा मजकूर वरच्या तिरक्या काचेत दिसतो, आणि काचेच्या मागे चित्रीकरणाचा दुसरा मोबाइल. वाचणारा माणूस अक्षरं बघतो, पण बघणाऱ्याला वाटतं की तो आपल्या डोळ्यांत बघून बोलतोय. सोबत अंगठ्याएवढं रिमोट येतं. बटण दाबलं की ओळी वर सरकतात, पुन्हा दाबलं की थांबतात. बाबांना एका हाताने कागद धरून वाचता येत नव्हतं, म्हणून मी तो वाडीत नेला. त्यांच्या डाव्या हातात रिमोट दिलं. ते जुनी पत्रकं वाचायला लागले, हवं तिथे थांबवून. आजारपणानंतर पहिल्यांदाच काहीतरी त्यांच्या ताब्यात आलं होतं.

वाडीच्या वर डोंगराला भेग पडली होती. आदल्या पावसाळ्यात पडली आणि उन्हाळ्यात आणखी फाकली. कोपरापर्यंत हात आत जायचा. पाहणीला सरकारी माणसं आली, चुन्याच्या खुणा करून गेली. मग पत्र आलं: पावसाच्या आधी सगळ्यांनी खाली रस्त्यालगतच्या सपाटीवर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला जावं, घरासाठी जागा नंतर मिळेल.

‘नंतर’ या शब्दावर मी पेटले. मी शाळेत असतानाही एकदा असंच वाडी हलवायचं निघालं होतं, तेव्हा बाबांनीच पत्रक काढून लोकांना थांबवलं होतं. तेव्हा शेड नव्हती, पाणी नव्हतं, नुसता कागद होता. या वेळचं पत्र मी वाचलं तेही त्या जुन्या पत्रकाच्या डोळ्यांनी. शेड उभ्या आहेत आणि नळ चालू आहे, हे मी खाली जाऊन पाहिलंसुद्धा नाही.

वाडीतला आणि मुंबईतला प्रत्येक जण एकच विचारत होता: भाऊ काय म्हणतात? बाबांना सगळे भाऊ म्हणतात. मी ठरवलं, भाऊंकडूनच सांगायचं.

पाच वाक्यं लिहिली. तिसरं होतं: ‘पत्र्याच्या शेडसाठी आपण आपली वाडी सोडणार नाही.’

ओटीवर बाबांना खुर्चीत बसवलं. मान उजवीकडे कलायची, ती चौकटीत राहावी म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या. नजर हलताना दिसू नये म्हणून मजकुराचा रकाना अगदी अरुंद ठेवला, एका ओळीत दोन-तीन शब्द. शेजारचे काका पायरीवर बसून बघत होते.

“दाढी करतेस गो भाऊंची, का भाषण?” काका म्हणाले. “आरसा तर मोठा झ्याक लावलास.”

“भाषण आहे, काका. गप्प बसा जरा.”

“मी गप्पच हाय. तुमच्या घरात बोलायला दुसऱ्या कुणाला जागा हाय कुठं?”

बाबा हसले. मग वाचायला लागले. पहिलं वाक्य छान, दुसरंही. तिसरं काचेत आलं आणि ओळी थांबल्या.

मला वाटलं अंगठा चुकून पडला. पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तिसऱ्याला ओळी पुन्हा थांबल्या. रिमोट बिघडलं असेल म्हणून बंद करून पुन्हा जोडलं. तिसऱ्या खेपेलाही तेच.

“दमले असतील,” आई आतून म्हणाली. “ऱ्हाऊ दे आता.”

मी दमले नव्हते. मी बाबांच्या मुठीतून रिमोट काढून घेतलं. त्यांनी ते घट्ट धरलं होतं, एकेक बोट सोडवावं लागलं. तेही मी झटक्यावर ढकललं, त्यांचे स्नायू आखडतात म्हणून; खरं तर तो डावा, धड हात होता. मग मी काचेच्या मागे उभी राहून ओळी चालू केल्या आणि त्या थांबवल्या नाहीत.

बाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण बाजूला उशी होती. तिसरं वाक्य काचेत चढलं आणि त्यांच्या तोंडून बाहेर आलं, स्पष्ट, ठणठणीत, पूर्वीच्या भाऊंच्या आवाजात. पाचही वाक्यं झाली. ते काचेतून नजर काढून माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, “मस्त झालं, बाबा.”

तो व्हिडिओ दोन दिवसांत मुंबईच्या प्रत्येक घरात पोचला. ‘भाऊ बोलले’ एवढंच लिहून लोक पुढे पाठवत होते. ज्यांनी शेडमध्ये सामान नेऊन ठेवलं होतं त्यांनी ते परत आणलं. जाणार नाही, असं लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. मी त्या कागदाचा फोटो काढला. इतकी खूश मी फार दिवसांत नव्हते.

पुढच्या आठवड्यात घरी गेले तर देवघर रिकामं होतं.

“देव कुठे गेले?” मी आईला विचारलं.

“डब्यात. ह्यांनी काढून दिले.”

“बाबांनी?”

बाबांनी आयुष्यात देवघराला हात लावला नव्हता. आई पूजा करत असली की ते मुद्दाम मोठ्याने पेपर वाचायचे.

“व्हिडिओच्या आदल्या दिवशीच की,” आई म्हणाली. “भिंतीला धरून धरून आत गेले, डाव्या हाताने एकेक देव उचलला आणि माझ्या पदरात टाकला. घर हलवताना देव आधी निघतात, तुला ठाव नाय? मला वाटलं, तुला सांगितलंय त्यांनी.”

“तू का नाही सांगितलंस?”

“सांगत व्हते. तू उजेड लावत व्हतीस. म्हणालीस, आई मध्ये नको येऊ.”

मी बाबांसमोर जाऊन बसले. विचारलं, वाडी सोडायची? त्यांनी मान हलवली, हो. उलटं विचारलं, इथेच राहायचं? नाही. पुन्हा फिरवून विचारलं, दुपारी विचारलं, संध्याकाळी आईने विचारलं. उत्तर बदललं नाही. शेवटी त्यांनी डावा हात उचलून भेगेकडे दाखवला, मग खाली रस्त्याकडे. म्हणाले, “गुरुवार.” आणि मला ते समजलं.

दुसऱ्या दिवशी मी नवा व्हिडिओ केला. दोन वाक्यं काचेत एकाखाली एक मांडली, ‘इथेच राहू’ आणि ‘खाली जाऊ’, आणि म्हटलं, बाबा, हवं ते वाचा. ओळी सरकवल्या नाहीत, उशा काढल्या. त्यांची नजर वरच्या ओळीवरून खाली गेली, थोडी अडखळली, आणि ते म्हणाले, “खाली जाऊ.” आपलं वाक्य निवडून वाचलं त्यांनी.

कोणीही विश्वास ठेवला नाही.

मुंबईहून एकाने लिहिलं, ‘पहिल्यात भाऊ मनापासून बोलतात, यात डोळे फिरताना दिसतात, कोणीतरी लिहून दिलंय.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘भाऊंवर दबाव आणला.’ मी खरं काय झालं ते सगळं लिहिलं, उशांसकट, रिमोटसकट. त्यावर उत्तर आलं, ‘ताई, तुमच्यावरही दबाव आहे, आम्ही समजतो.’ दबाव हा शब्द त्यांना आमच्या घरानेच शिकवला होता. वाकू नका, फसू नका, सरकारी कागदावर विश्वास ठेवू नका. वर्षानुवर्षं दुमडून वाटलेलं सगळं आता माझ्यासमोर भिंतीसारखं उभं होतं, आणि तिला दार नव्हतं.

वाटलं, निदान बाबांना खाली नेलं तर लोक बघतील. गाडी रस्त्यापर्यंत आणली. काका आणि मी त्यांना खुर्चीसकट उचलायला गेलो, तर त्यांनी दाराची चौकट धरली. डाव्या हाताने समोरचं घर दाखवलं, मग त्याच्या पलीकडचं, मग त्याच्याही पलीकडचं.

“सगळी गेल्याबगर भाऊ हलायचे नाय,” काका म्हणाले. “वळीखतो मी यांना.”

म्हणून बाबा अजून वर आहेत. आणि ते वर आहेत म्हणूनच लोक म्हणतात, बघा, भाऊ स्वतः कुठे गेले खाली? आई देवांचा डबा मांडीवर घेऊन बसते. मी रोज एका घरी जाते. तीन घरं उतरली आहेत. बाकीची म्हणतात, आमच्या मुंबईच्या पोराने होकार दिला की जाऊ. भेगेवर शेजाऱ्यांनी ताडपत्री टाकली आहे, आत पाणी शिरू नये म्हणून. ताडपत्रीच्या दोन्ही कडा आता एका पातळीत नाहीत.

हे वाचणाऱ्यांत आमच्या वाडीचं कोणी असेल, पोलादपूरचं, किंवा मुंबईत आमच्या वाडीच्या माणसाशेजारी काम करणारं, तर माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तो हक्क मी घालवला आहे. आमच्या शेजारच्या काकांना व्हिडिओ कॉल लावा. त्यांना फोन घेऊन बाबांसमोर बसायला सांगा आणि तुम्ही स्वतः विचारा, हो की नाही. सरळ विचारा, उलटं विचारा, तुमचं समाधान होईपर्यंत विचारा. मान हलताना दिसली की लगेच वाडीतल्या घरी फोन करा, किंवा ज्याचं घर आहे त्याला करायला लावा, आणि म्हणा, आजच खाली उतरा.