आठव्या महिन्यापुढं कोरं

सन २०२३. माझं वय सत्तावन्न, निवृत्तीला आठ महिने बाकी. सातवी पासावर पोलीस शिपाई म्हणून लागलो आणि श्रेणी उपनिरीक्षक झालो, तो कोणाच्या मेहेरबानीनं नाही. तरी एक घटना मनातून जात नाही, कारण तीत आधी मीच चुकलो होतो.

वाशीमच्या आरोग्य कार्यालयातल्या एक मॅडम मंगरूळपीरला आमच्या ठाण्यात आल्या. दवाखान्यांतल्या नोंदी त्या कॉम्प्युटरला वाचायला देत. वाचून वाचून तो आपला आपण शिकतो आणि कुठं काय सुटलं ते दाखवतो. मशीन लर्निंग म्हणतात त्याला. त्यानं तालुक्यातल्या अकरा गरोदर बाया काढल्या होत्या. आठव्या महिन्यापर्यंत तपासण्या, पुढं कोरं. बाळंतपणाची नोंदच नाही.

मी हसलो. "मॅडम, बाया बाळंतपणाले माहेरी जातात. तुमच्या मशीनले माहेर नाही, त्याले काय समजन?"

"ते शिकलंय, साहेब. वय, रक्तगट, महिना जुळवून दहाजणी त्यानं माहेरच्या नावावर शोधल्या. ही एक उरली."

"हे बी माहेरीच असन. दाखवतो तुम्हाले."

मॅडमला खोटं पाडायचं म्हणूनच मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि महिला अंमलदाराला घेऊन त्या उरलेल्या बाईच्या गावी गेलो.

बाई सासरीच होती, दारात बसलेली. ब्लाउज दुधानं भिजलेला, आणि लेकरू कुठंच दिसेना.

"माय, लेकरू कुठं आहे?"

"मेलेलं झालं, साहेब. तेरा दिवस झाले."

"तू पाह्यलं?"

"नर्सबाई म्हणे, पाहू नको, जिवाले लागन. माती बी आमीच देतो म्हणे." मग माझ्याकडं न बघता बोलली, "पण मी रडणं आयकलं होतं. सासू म्हणते, तुले भास झाला. तुमी सांगा साहेब, भास असा असते?"

बाळंतपण कारंज्याच्या एका खासगी दवाखान्यात झालं होतं. हाती कागद एकही दिला नव्हता. मेलेल्या लेकराचीही नोंद होते, एवढं मला ठाऊक होतं.

तिथूनच मॅडमला फोन लावला. "त्याच दिवशीचं, त्याच दवाखान्यातलं असं बाळंतपण काढा, ज्याच्या आधी काहीच नाही."

तासाभरात उत्तर आलं. एका बाईला मुलगा झाल्याची नोंद. मागं नऊ महिन्यांत एक तपासणी नाही, एक इंजेक्शन नाही. एकीची नोंद आठव्या महिन्यात तुटलेली, दुसरीची बाळंतपणापासूनच सुरू झालेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सचा जबाब तिच्या घरीच घेतला. बाई साक्षीदाराला ठाण्यात बोलवत नसतात. पहिला तासभर ती कडक बोलली. पेशंट आमचीच, कागद हरवले, सॉफ्टवेअर बंद होतं. आवाज चढवून काही निघत नाही हे मी नोकरीत शिकलो होतो. मी एवढंच विचारलं, "ती कागदावरची आई पोराले पाजते?"

"नाही. दूध आलं नाही तिले."

"आणि त्या गावातल्या बाईचं चौदा दिवसांपासून थांबून नाही राह्यलं. तू नर्स आहे. मले समजावून सांग."

तिनं तोंड पदरात घातलं. मग सगळं आलं. लेकरू जिवंत होतं, ते त्या दुसऱ्या बाईला द्यायचं आधीच ठरलेलं होतं, सासूलाही माहीत होतं.

गुन्हा दाखल, अटक, डीएनए, बालकल्याण समिती, यात दीड महिना गेला. लेकरू हातात दिलं तेव्हा ती बाई रडली नाही. त्याला छातीशी धरलं आणि ते रडायला लागलं तसं म्हणाली, "हेच. असंच रडलं होतं." सासूच्या घरी ती परत गेली नाही.

मी आयुष्यभर लिहिलेलं वाचत आलो. कोरी जागा दिसली की आपल्या मनानं भरून टाकायचो, 'माहेरी असन' म्हणून. मशीननं ती भरली नाही, कोरीच दाखवली. मी माझंच खरं धरून बसलो असतो तर ते लेकरू गेलं असतं.

लेकरू आईच्या हाती दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वाशीमचं कार्यालय उघडायच्या आधीच मी मॅडमच्या दारासमोर बाकावर जाऊन बसलो. माफी मला मागता येत नाही. म्हणालो, "त्या बाकीच्या दहाजणींचे पत्ते द्या."

"त्या तर सापडल्या ना, साहेब?"

"तुमच्या मशीनले सापडल्या. मले अजून नाही."

अकरा वाजायच्या आत पहिलीच्या दारात होतो. लेकरू मांडीवर पीत होतं. डायरीत वेळ लिहिली आणि दुसरीच्या गावाला निघालो.