दोन्ही भाग डावेच

ताईंना सगळ्याच गोष्टींचा वीट आला होता, पण सगळ्यात जास्त कापडाचा. उभा जन्म टेलरिंगच्या दुकानात कापडं बेतण्यात गेलेला आणि आता अंगाला कापड लागलं की शिसारी यायची. उजव्या बरगड्यांवर नागीण उठली, फोड आले, खपल्या धरल्या आणि गळून पडल्या. कातडी दिसायला साफ झाली, दुखणं मात्र हललं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फोड बरे झाले, पण आतली नस दुखावलीय. ती आता उगाचच ठणकत राहते." हे 'उगाचच' ताईंना चांगलंच झोंबलं. कामासाठी दुखलं असतं तर एक वेळ चाललं असतं. हे म्हणजे फुकट्या पाहुण्याने घरात पथारी पसरल्यातला प्रकार होता.

दुकान धाकट्या भावाचं. तो शिवायचा, ताई बेतायच्या. वडील गेल्यापासून ही वाटणी ठरलेली. भावाला कितीही लांब शिलाई मारायला सांगा, गप्पा मारत मारेल, पण कोऱ्या कापडासमोर कात्री घेऊन उभं राहायचं म्हटलं की तो मागे सरायचा. गिऱ्हाइकंही हे जाणून होती. "ताईच बेतणार ना?" असं विचारून मगच कापड टेबलावर ठेवायची. ताईंना या प्रश्नाचा भारी अभिमान. तोंडाने मात्र म्हणायच्या, "नाही, शेजारचा न्हावी बेतणार आहे."

दुखणं आलं तसं ताई अंगातला शर्ट उलटा घालू लागल्या. शिवणीची धार बरगड्यांना सोसवत नसे, म्हणून शिवण बाहेर आणि गुळगुळीत बाजू आत. टेलरिंगच्या दुकानात, भर काउंटरवर, उलटा शर्ट! भाऊ कुचंबून गेला.

"ताई, लोक हसतात गं," एकदा तो दबक्या आवाजात म्हणाला.

"हसू देत. शिलाई कशी पक्की आहे तेही दिसतं त्यांना."

हसणारे परवडले, पण सल्ले देणाऱ्यांनी जीव नकोसा केला. कोणी लेप सांगे, कोणी उपास. भावजय रोज सकाळी तोंड पाडून विचारायची, "वन्सं, आज कसं वाटतंय?" आणि उत्तर यायच्या आत स्वतःच सुस्कारा सोडायची. मलमाचा वास ताईंच्या उशीला, केसांना, जेवणाच्या ताटालाही लागला होता. स्वतःच्याच अंगाची घाण वाटावी, याच्यापुढे दुखणंही कमी वाटायचं.

दवाखान्यानेच लक्ष देऊन श्वास घ्यायला शिकवणाऱ्या एका वर्गाला धाडलं. तिथल्या बाई लोण्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "दुखण्याला मैत्रीण समजा." ताई चटईवर आडव्या पडूनच बोलल्या, "अशी मैत्रीण असती तर जिन्यावरून ढकलली असती." शेजारच्या चटईवरचे म्हातारे फिस्सकन हसले आणि सगळ्या वर्गाच्या श्वासाचा विचका झाला.

गोळ्यांनी ठणका बोथट झाला, पण डोकंही बोथट झालं. तोंडाला कोरड, डोळ्यांवर झापड, मनात धुकं. त्या धुक्यातच एका दुपारी ताईंनी कोट बेतला. कापड भारी होतं, सुलटी बाजू वेगळी, उलटी वेगळी, आणि नेमकं पुरेल एवढंच. अशा वेळी कोटाचा पुढचा एक भाग कापला की दुसऱ्यासाठी कागदी साचा पालथा करायचा, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. ताईंनी पालथा केला नाही. दोन्ही भाग डावेच निघाले. ते शेजारी शेजारी ठेवून ताई बघत राहिल्या आणि त्यांना स्वतःची इतकी किळस आली की मोरीत जाऊन ओकाऱ्या काढल्या.

गिऱ्हाइकासमोर मान खाली घालून भाऊच उभा राहिला. मात्र दुसऱ्या दिवसापासून ताईंच्या टेबलावर फक्त अस्तरं आणि खिशांची कापडं यायला लागली. भाऊ रागावला असता तर ताईंनी त्याला उलटून चार शब्द ऐकवले असते. त्याची ही माया बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी गोळ्या उचलल्या आणि कचऱ्यात फेकल्या.

दोनच दिवसांत दुखण्याने अशी काही उचल खाल्ली की भिंतीला टेकून उभं राहणंही जमेना. डॉक्टरीणबाईंनी चांगलेच कान उपटले. "अशा गोळ्या एकदम बंद करतात का? आणि झापड येते हे मला कोण सांगणार होतं?" मग त्यांनी घडी नव्याने बसवली. सकाळची गोळी हळूहळू कमी करत थांबवली, दुपारी लहान, झोपताना मोठी. शिवाय हात आखडत चाललाय म्हणून भिंतीवरून बोटं चढवायचा व्यायाम आणि रोज चालणं. "ठणका पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. या बाईचं हे एक वाक्य तेवढं ताईंना आवडलं.

भिंतीवर बोटं चढवताना ताई पुटपुटत शिव्या द्यायच्या. श्वासाचा वर्गही सोडला नाही, पण मैत्रीण वगैरे भानगड बाजूला ठेवली. एक दिवस आरशासमोर त्यांनी शिवणकामाचा खडू घेतला आणि कुठवर दुखतं ते बोटाने चाचपत कातडीवरच रेघ मारली. बरगडीखालून पाठीपर्यंत एक वेडावाकडा तुकडा निघाला. इतके दिवस वाटायचं, आपण आख्ख्याच दुखतोय. आता दिसलं, दुखतंय ते एवढं आणि बाकीचं अंग आपलं आहे. ठणका उठला की ताई डोळे मिटून श्वास घेत आणि मनात त्या रेघेवरून सावकाश फिरून येत. दुखायचं तेवढंच, पण बाकीच्या अंगात धावपळ माजायची नाही. "आता जरा बरं आहे ना?" भावजयीने विचारलं. "नाही," ताई म्हणाल्या. "घाणेरडं आहे, पण घाण कुठवर आहे ते कळलंय."

मग एका सकाळी त्यांना काउंटरखाली दुसऱ्या एका कोटाचं कापड बांधून ठेवलेलं दिसलं. भाऊ ते दुसऱ्या दुकानात बेतायला पाठवणार होता. हे कापड एकदा दाराबाहेर गेलं की पुढचं प्रत्येक कापड जाणार, आणि 'ताईच बेतणार ना?' असं पुन्हा कोणी विचारणार नाही, हे ताईंना स्वच्छ दिसलं.

"ते इकडे आण," त्या म्हणाल्या.

"ताई, राहू दे. पुन्हा तसं झालं तर मला..."

"सकाळ आहे. डोकं ठिकाणावर आहे. आण."

भावाने कापड पसरलं आणि मशीनवर जाऊन बसला, पण चाकाला हात लावला नाही. ताईंनी खडू चालवला, कात्री धरली. अर्ध्यात ठणका उठला. कात्री खाली ठेवली, टेबलाची कड धरली, श्वास सोडत राहिल्या. ठणका गेला नाही, नुसता जरा सरकून बसला. तेवढ्यात त्यांनी पुढचं कापून घेतलं. दुसऱ्या भागाच्या वेळी साचा पालथा केला आणि मशीनकडून भावाचा मोठा सुस्कारा ऐकू आला.

कोट बरोबर बेतला गेला. भाऊ इतका हरखला की जेवण होताच दुसरं भारी कापड घेऊन आला. "हेही करून टाक." ताईंनी नुकतीच दुपारची गोळी घेतली होती. कापड पाहून हात शिवशिवले. सकाळच्या यशाने अंगात बळ आलं होतं, आणि नाही म्हणायला तोंड उघडेना.

"नको," शेवटी त्या म्हणाल्या. "सकाळ माझी. दुपारनंतर कात्री तुझी. मी मागितली तरी द्यायची नाही."

"मला नाही जमायचं."

"मलाही नव्हतं जमत. धर."

भाऊ टेबलापाशी उभा राहिला. कात्री त्याने अशी धरली होती की बघवेना. ताई स्टुलावर बसल्या आणि खडू कुठे मारायचा, बोटं कुठे ठेवायची, अक्कल कुठे ठेवायची, सगळं सांगू लागल्या. धुकं चढत होतं, बरगडी ठणकत होती, आणि आपल्या टेबलावर दुसऱ्याचा हात चालताना बघून त्यांना शिसारी येत होती. झापडीने डोळे मिटेपर्यंत त्या भावाला शिव्या घालत राहिल्या, पण कात्री काही त्यांनी मागितली नाही.