लिबर्टीबाईचे कान

मी अमेरिकेची फुटकी नाणी जमवतो आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

फुटकी म्हणजे भोकं पडलेली, वाकलेली, दगडावर घासलेली, कडेला चेचलेली. तीही हल्लीची नव्हेत! शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे तांब्याचे सेंट, आपल्या ढब्बू पैशासारखे मोठे, एका बाजूला लिबर्टी नावाच्या बाईचं मुंडकं. सत्तरच्या सुमारास माझा एक वर्गमित्र तिकडे नोकरीला गेला आणि दर खेपेला माझ्यासाठी अशी दोन-चार आणू लागला. चांगली का नाही मागवत, असं लोक विचारायचे. अहो, चांगल्यांच्या भावात नागपुरात धंतोलीसारख्या बड्या वस्तीत बंगला आला असता! आणि चांगलं नाणं म्हणजे तरी काय? जन्मभर तिजोरीत झोपलेलं! भोकाचं नाणं कुणीतरी आपल्या पोराच्या गळ्यात बांधलेलं असतं, वाकलेलं कुणीतरी दारावर ठोकलेलं असतं. त्यानं जग पाहिलेलं असतं.

हे सगळं मी बायकोला, म्हणजे शकूला, समजावून सांगितलं.

"भंगारवाल्याजवळबी हेच असते," ती म्हणाली. "त्यानं काय कमी जग पाह्यलं?"

आमच्या उभ्या खानदानात माझं ऐकून घेणारा माणूस एकच, माझे सासरे. उमरेडला त्यांचे हातमाग होते. मी त्यांना मामाजी म्हणायचो. आले की ते मांडी घालून बसत आणि म्हणत, "काढा जावईबापू, तुमचा खजिना." एकदा मी भोकाचा सेंट त्यांच्या तळहातावर ठेवला आणि ठणकावून सांगितलं, "मामाजी, भोक ही नाण्याची शोभा असते!" मामाजी बराच वेळ विचारात पडले. (तिथेच त्यांना थांबवायला हवं होतं.)

त्या वर्षी नागपूरच्या नाणीवाल्यांचं प्रदर्शन भरायचं होतं. त्याची सूत्रं एका डॉक्टरांच्या हातात. मी त्यांच्याकडे एक टेबल मागितलं, आणि चमत्कार म्हणजे ते हसले नाहीत! "रविवारी घरी येऊन बघतो," म्हणाले. "फुटकी असोत, पण जशी मिळाली तशी हवीत. घासलेली, सुधारलेली चालणार नाहीत. तशी असली तर टेबल तुमचं." मी हवेत तरंगत ऑफिसात गेलो. तिथे आमचे हेडक्लार्क रोज विचारायचे, "काय भाऊ, आज काय फुटलं?" त्यांना मी सगळ्यांदेखत बजावलं, "रविवारनंतर बोला!" आता ते टेबल मिळालं नसतं तर ऑफिसात तोंड दाखवायला जागा नव्हती.

शुक्रवारी कपाट उघडलं, तर नाण्यांचा डबाच गायब!

"शकू, माझा डबा?"

"असंन ना कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे? इथे होता!"

"तुम्ही काहून बोंबलून राहिले? उद्या उमरेडले जायचं आहे, धोंड्याचं जेवण आहे. तिथून आलो का सापडंन."

"तिथून आल्यावर कसा सापडेल? डबा काय एस.टी.नं उमरेडला गेला?"

(गेला होता.)

अधिक महिना चालू होता, म्हणजे जावयांचा हंगाम! या महिन्यात सासरी जावयाला वाण देतात, आणि वाणाची वस्तू भोकाभोकाची, जाळीची लागते. अनारसे नाहीतर बत्तासे, मोजून तेहतीस. शनिवारी उमरेडला माझे पाय धुतले, पाटावर बसवलं, सासूबाईंनी ओवाळलं. मग मामाजींनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि नव्या लुगड्याच्या घडीवरून हात फिरवावा तशा मायेनं त्यावरचं फडकं काढलं.

ताटात माझी नाणी! लाल रेशमात ओवलेली!

"मामाजी, हे काय?"

"सांगतो ना! तुमच्या साऱ्या डब्यात भोकाचे पैसे किती? दोन! बाकी सारे बिनभोकाचे. मले लय वाईट वाटलं जी. जावई एवढा शौकीन अन् त्याच्या नशिबी दोनच भोकं? मंग शकूजवळून डबा नेला, नागपूरले इतवारीच्या बाजारात सोनारापाशी जाऊन बसलो अन् सारे टोचून आणले."

मी माळ हातात घेतली. सोनारच तो! जन्मभर जे करत आला तेच त्यानं इथेही केलं होतं. एकूण एक लिबर्टीबाईचे कान टोचले होते. बरोब्बर पाळीत!

"मी तर नाकात टोचा म्हणत होती," सासूबाई म्हणाल्या. "पण हे म्हणे अमेरिकेत नथ नाही घालत."

"आणि हे मधेमधे पांढरं काय आहे?"

"बत्तासे! पैसे तेहतीस भरत नव्हते ना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "पाहा वं शकू, कसा गहिवरला तुया नवरा!" सासूबाईंचेही डोळे भरले. शकूनं मागून मला चिमटा काढला आणि कानात पुटपुटली, "एक शब्द बोलू नका. बाबा उन्हातान्हात बसले होते तिथं." काय बोलणार, कपाळ! डोक्यात संताप मावत नव्हता आणि समोर मामाजी लहान पोरासारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या नाण्यांना भंगार न म्हणणारा जगातला एकुलता एक माणूस! मी मान वाकवली, त्यांनी माळ घातली. "लय सुंदर झालं मामाजी," मी म्हणालो आणि रागारागानं पुरणाचे चार धोंडे जास्त खाल्ले.

रविवारी डॉक्टर आले. त्यांनी भिंग काढलं, माळ उजेडात धरली.

"ही भोकं ताजी आहेत."

"हो."

"कुणी पाडली?"

"सासऱ्यांनी."

"का पण?"

"अधिक महिना आहे."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "आणि नाण्यांना मुंग्या का लागल्यात?"

"मध्ये बत्तासे आहेत."

डॉक्टर चहा न घेताच उठले. "हे मांडता येणार नाही. ही शुद्ध नासाडी आहे!"

नासाडी म्हटल्याबरोबर माझी सटकली. "डॉक्टरसाहेब, अमेरिकेतल्या बापानं पोरासाठी भोक पाडलं तर तो इतिहास, आणि उमरेडच्या सासऱ्यानं जावयासाठी पाडलं तर नासाडी? ठेवा तुमचं टेबल! मी माळ गळ्यात घालून येईन! तिकीट काढून येईन!"

"अन् बाबालेबी घेऊन येऊ!" स्वयंपाकघरातून शकू कडाडली. लग्न झाल्यापासून प्रथमच ती माझ्या नाण्यांच्या बाजूनं बोलली होती.

आणि गेलो! मामाजी नवी टोपी घालून खास उमरेडहून आले. विरघळलेले बत्तासे काढून त्यांनी ताजे ओवले. (वाण अर्धवट ठेवू नये म्हणे!) मी छाती काढून सभागृहात शिरलो. हेडक्लार्क आले होते, त्यांच्या नाकासमोरून मुद्दाम दोनदा गेलो. लोक टेबलं सोडून आमच्याभोवती गोळा झाले. मामाजी माझ्या छातीवर बोट ठेवून समजावत होते, "हे भोक अमेरिकेचं. हे आमचं." पलीकडून डॉक्टर दात-ओठ खात होते. खा म्हटलं!

एवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. तिनं माळेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि थेट माझ्या पायांवर लोटांगण घातलं!

"महाराज, सुनेले दिवस जाऊन नाही राहिले. काही उपाय सांगा जी."

मी काही बोलायच्या आत मामाजींनी माझ्या गळ्यातला एक बत्तासा तोडून तिला प्रसाद दिला. म्हातारीनं माझ्या हातावर दहा पैशांचं नाणं ठेवलं. मी सवयीनं ते उलटंपालटं करून पाहिलं. नवंकोरं! ना चरा, ना भोक, कडसुद्धा शाबूत. मी ते तिच्या हातात परत कोंबलं.

"आजी, असलं आम्ही घेत नाही!"

म्हातारी हरखली. "लय पोचलेले महाराज आहेत गा!" ती गर्दीला ओरडून सांगू लागली. "पैशाले शिवतबी नाहीत!"

बघता बघता माझ्यासमोर दारापर्यंत रांग लागली. नाणी बघायला आलेला तीत एकही नव्हता, आणि सगळ्यात पुढे हेडक्लार्क होते.