यादीतून गळालेले शेषराव काका

मित्रहो, आज माझ्या हातून एका भल्या माणसाचं मन दुखावलं.

आमच्या बियाण्यांच्या कंपनीत आज जुन्या कामगारांचा सत्कार होता. यादी मीच डेटाबेसमधून काढली. ठेकेदाराची माणसं वगळायची म्हणून क्वेरीत, म्हणजे यादी मागवायच्या आज्ञेत, अट टाकली, की विभाग 'ठेकेदार' नसावा.

शेषराव काका मस्तगडहून बायकोला घेऊन आल्ते. याच महिन्यात ते रिटायर होणार. सगळी नावं पुकारून झाली, त्यांचं आलंच नाही. काका शेवटपर्यंत दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसले.

मी पळत जाऊन क्वेरी तपासली. काकांनी गोदाम, मशीन, गेट, सगळीकडे काम केलं, म्हणून त्यांचा विभाग कोणी भरलाच नव्हता. रकाना रिकामा असला की तो 'ठेकेदार' आहे की नाही हे संगणकाला ठरवता येत नाही, आणि अशा अटीत ती नोंद गळते. रिकाम्यांसाठी वेगळी अट लिहावी लागते. मला हे माहीत होतं, तरी विसरलो.

तोवर कार्यक्रम संपून हॉल रिकामा झाला होता. गेटवर त्यांना गाठलं. "काका, चूक माझी आहे."

"असू द्या सर," ते हळूच म्हणाले. "हिला उगंच घेऊन आल्तो."

काकू नव्या साडीचा पदर सावरत दुसरीकडे बघत होत्या.

उद्या शाल-नारळ घेऊन त्यांच्या घरी जाणार आहे. पण तो भरलेला हॉल कुठून नेऊ? माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?